आमचे गृहकर्ज आम्ही कोणाकडून घेतले आणि का

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्हाला पुण्यात कर्वेनगरला एक सदनिका पसंत पडली. नव्या प्रकल्पातली नव्हे, तर १९९८ साली बांधलेल्या इमारतीतली, म्हणजे रीसेलची. व्यवहार ६२ लाखांना ठरला आणि त्यांपैकी ४५ लाख कर्ज काढायचे असे आम्ही दोघांनी पगाराचा हिशेब मांडून ठरवले. घर शोधण्यात सात महिन्यांतले बहुतेक सगळे रविवार गेले होते. कर्ज कोणाकडून घ्यायचे हा निर्णय मात्र आम्ही दोन संध्याकाळींत उरकणार होतो, कारण बँका सगळ्या सारख्याच, ज्याचा व्याजदर कमी त्याच्याकडे जायचे, एवढीच आमची समजूत होती. प्रत्यक्षात त्या निर्णयाला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत जे कळले ते घर घेऊ पाहणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

आमच्या इस्टेट एजंटाने पहिल्याच भेटीत एका कर्ज एजंटाशी गाठ घालून दिली. बँकांच्या भाषेत यांना डीएसए म्हणतात. हे गृहस्थ तत्पर होते आणि बोलायला गोड होते. रात्री नऊ वाजता घरी येऊन त्यांनी पगाराच्या पावत्या, फॉर्म सोळा, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे असे सगळे कागद गोळा करून नेले. "ताई, तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं माझ्याकडे," असे ते म्हणाले आणि तुमची फी किती, असे विचारल्यावर "तुमच्याकडून एक रुपयासुद्धा नको," असे उत्तर मिळाले. ते खरेही होते. डीएसएला कमिशन कर्ज देणारी संस्था देते. पण कोणती संस्था किती देते हे आपल्याला कळत नाही, आणि ते सगळीकडे सारखे नसते. एजंट वाईट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात बँकेच्या खेपा वाचवणारा माणूस मोठी सोय असते. मात्र त्याने सुचवलेली संस्था आपल्या हिताची म्हणून सुचवली आहे की त्याच्या कमिशनामुळे, हे तपासण्याचे काम आपले असते, ते त्याच्यावर सोपवता येत नाही.

आमच्या बाबतीत पहिली चूक इथेच झाली. "फाइल लॉगिन करून ठेवतो, जिथे लवकर होईल तिथे घेऊ," असे ते म्हणाले आणि आम्ही मान डोलावली. त्यांनी आठ दिवसांत तीन ठिकाणी अर्ज दाखल केले. प्रत्येक अर्जाबरोबर त्या संस्थेने आमचा क्रेडिट अहवाल मागवला आणि अशी प्रत्येक मागणी त्या अहवालात चौकशी म्हणून नोंदली गेली. पुढे मी स्वतः एका सरकारी बँकेच्या शाखेत गेले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी पडद्याकडे पाहतच विचारले, "मॅडम, आठवड्यात तीन ठिकाणी कर्ज मागितलंत? कुठे नामंजूर झालं का?" थोड्या काळात अनेक चौकश्या दिसल्या की अर्जदार पैशासाठी वणवण करतो आहे असा अर्थ निघू शकतो आणि सिबिल स्कोअरही थोडा खाली येतो. आमचा स्कोअर चांगला होता म्हणून काही बिघडले नाही, पण काठावरच्या माणसाचे यात नुकसान होऊ शकते. तेव्हा अर्जावर सही करण्यापूर्वी तो नेमका कोणत्या संस्थेसाठी आहे हे एजंटाकडून मोबाइलवर का होईना, लिहून घ्यावे आणि एका वेळी एकाच ठिकाणी अर्ज जाऊ द्यावा. क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो आधी स्वतः पाहून मगच कोणालाही कागद द्यावेत.

एजंटाने आणलेला सर्वांत आकर्षक प्रस्ताव एका गृहवित्त कंपनीचा, म्हणजे घरासाठी कर्ज देणाऱ्या पण बँक नसलेल्या संस्थेचा होता, दर ८.३५ टक्के. सरकारी बँक ८.५० टक्के सांगत होती. ४५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला पहिल्या दराने ३८,६२६ रुपये हप्ता पडत होता आणि दुसऱ्या दराने ३९,०५२. महिन्याला सव्वाचारशे रुपयांचा आणि दर तसाच राहिला तर वीस वर्षांत लाखभर रुपयांचा फरक. माझे पती म्हणाले, "यात विचार करण्यासारखं काय आहे?" मलाही तसेच वाटत होते, पण दादाची हकीकत डोळ्यांसमोर होती.

माझ्या थोरल्या भावाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ४० लाखांचे कर्ज घेतले होते. तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर होता आणि त्याला ६.७५ टक्के दर मिळाला, हप्ता ३०,४१५ रुपये. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर नेला. दादाचा दर ९.२५ टक्के झाला. हप्ता मात्र तेवढाच राहिला, म्हणून तो निश्चिंत होता. त्या उन्हाळ्यात कर्जाचा उतारा काढून पाहिला तर ३०,४१५ रुपयांपैकी २९ हजारांहून अधिक रक्कम व्याजातच जात होती आणि मुद्दलात जेमतेम हजार रुपये वळते होत होते. त्या गतीने कर्ज फिटायला आणखी पस्तीस वर्षांहून अधिक काळ लागला असता, आणि दादा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. बँकेने मुदत परस्पर वाढवली होती आणि त्याचा एक त्रोटक एसएमएस आला होता, इतकेच. असे अनेकांच्या बाबतीत घडल्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून कर्ज देणाऱ्या संस्थांना बजावले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारले पाहिजे आणि हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही अशी स्थिती येऊ देता कामा नये. दादाने हप्ता वाढवून घेतला. पण मधल्या वर्षभरात व्याजापोटी गेलेले पैसे गेलेच.

दादाच्या अनुभवामुळे मी दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न लावून धरला: आजचा दर राहू द्या, हा दर उद्या कशावरून बदलेल? गृहकर्जाची निवड खरे तर या प्रश्नावर व्हायला हवी असे माझे आता ठाम मत झाले आहे, कारण आजचा दर फार तर काही महिने टिकतो आणि कर्ज वीस वर्षे. उत्तर समजून घ्यायचे तर थोडा इतिहास लागतो. पूर्वी बँका आपल्याच मूळ दराशी कर्जे जोडत. २०१० मध्ये बेस रेट आला, एप्रिल २०१६ मध्ये एमसीएलआर आला, दोन्हीही बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेले दर, पण तक्रार तीच राहिली: रिझर्व्ह बँकेने दर कमी केले तरी त्याचा लाभ जुन्या कर्जदारापर्यंत पोहोचायला फार काळ लागे. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मानदंडाशी जोडावीत आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरवावा, असे बंधन आले. हे बंधन बँकांना आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही. कंपनी स्वतःचा एक आधारदर ठरवते, त्यातून काही टक्के वजा करून तुम्हाला दर देते, आणि तो आधारदर केव्हा व किती हलवायचा हे तिच्या हाती असते.

सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्यांनी एका कागदावर लिहूनच दिले: रेपो ६.५०, त्यावर स्प्रेड, म्हणजे बँक रेपोवर चढवते ती वाढ, २.००, एकूण ८.५०. तुमची पत खालावली तरच स्प्रेडमधला जोखमीचा भाग वाढेल, एरवी रेपो हलेल तसा दर हलेल, खालीही आणि वरही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. गृहवित्त कंपनीच्या प्रतिनिधीला मी हाच प्रश्न तीन वेळा विचारला. "मॅडम, मार्केटप्रमाणे होतं ते," यापलीकडे उत्तर मिळाले नाही. गेल्या पाच वर्षांत तुमचा आधारदर केव्हा केव्हा बदलला त्याच्या तारखा द्या, असे मी ईमेलने मागितले. त्याला उत्तर आले नाही.

सहकारी बँकेचाही विचार आम्ही केला. माझ्या आईचे खाते जिथे तीस वर्षे आहे त्या बँकेचे व्यवस्थापक आम्हाला नावाने ओळखतात, आणि अडचणीच्या वेळी समोर बसून बोलता येईल असा माणूस असणे ही लहान गोष्ट नाही. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांच्या वैयक्तिक गृहकर्जाच्या मर्यादा दुप्पट केल्या, त्यामुळे ४५ लाखांची रक्कमही त्यांना अवघड नव्हती. पण दर जवळपास पाऊण टक्क्याने जास्त होता, दोन जामीनदार लागत होते आणि बाह्य मानदंडाचे बंधन या बँकांनाही नाही. जड मनाने तो पर्याय सोडला. उत्पन्नाचे कागद पक्के नसलेल्या दुकानदाराला मात्र मी आधी अशाच बँकेत जायला सांगेन.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या घराचा विक्रेता दुसरा मालक होता. बिल्डरकडून पहिल्या मालकाने १९९८ साली करारनामा करून सदनिका घेतली आणि २००९ मध्ये आमच्या विक्रेत्याला विकली. २००९ चे मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हे सगळे विक्रेत्याकडे नीट होते. १९९८ च्या करारनाम्याची मात्र फक्त झेरॉक्स होती. सरकारी बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी सर्च रिपोर्टबरोबर, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालाबरोबर, एका ओळीचा शेरा मारला: पहिला मूळ करारनामा आणि त्याची नोंदणी पावती हजर करावी, त्याशिवाय टायटल (मालकी हक्क) निर्वेध म्हणता येणार नाही. आम्ही हवालदिल झालो, कारण विसार दिलेला होता आणि व्यवहार पूर्ण करण्याची मुदत जवळ येत होती. कर्ज एजंट म्हणाले, "ताई, कशाला त्या सरकारी बँकेच्या नादी लागता? दुसरीकडे झेरॉक्सवर काम होतं. सर्टिफाइड कॉपी लावू, आठवड्यात चेक काढून देतो."

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. मोह होताच. पण मला वाटले, जो कागद ४५ लाख उसने देणाऱ्याला हवा आहे तो आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्याला का नको? आम्ही विक्रेत्याला विनंती केली की पहिल्या मालकांकडे एकदा चौकशी करा. ते आता नाशिकला राहतात. फोनवर ते आधी म्हणाले की सगळे कागद तेव्हाच दिले होते. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. घर घेताना त्यांनी एका पतसंस्थेकडून कर्ज काढले होते, मूळ करारनामा आणि पावती तिथे ठेवली होती, कर्ज विक्रीच्या आधी फेडले, पण कागद परत आणायचे राहून गेले. २००९ मध्ये आमच्या विक्रेत्याने घर स्वतःच्या पैशाने घेतले होते, कर्ज काढले नव्हते, त्यामुळे तेव्हा हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पंधरा वर्षे आमच्या होणाऱ्या घराचा पहिला करारनामा एका पतसंस्थेच्या कपाटात पडून होता आणि सोसायटीच्या दप्तरात त्या पतसंस्थेच्या बोजाची नोंदही तशीच होती. पहिले मालक स्वतः पुण्याला आले. पतसंस्थेने जुनी खतावणी काढून कर्ज फिटल्याचा दाखला दिला आणि कागद परत केले. हिरव्या फितीने बांधलेला, कडा पिवळ्या पडलेला तो करारनामा विक्रेत्याने बँकेच्या टेबलावर ठेवला, तेव्हा वकिलांनी नोंदणी पावतीवरचा क्रमांक आणि करारनाम्याच्या शिक्क्यातला क्रमांक बोटाने ताडून पाहिला आणि मगच मान हलवली. या सगळ्यात पाच आठवडे गेले. विक्रेत्याने मुदत वाढवून दिली, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. कागद काटेकोरपणे पाहणारी बँक त्रासदायक वाटते, पण तिचा वकील आपल्याही उपयोगाचे काम करत असतो. कर्ज मिळणे सोपे आहे म्हणून संस्था निवडणाऱ्याने याचा जरूर विचार करावा.

मूल्यांकनाचा प्रकार त्या मानाने किरकोळ. बँकेचा व्हॅल्युअर आला, त्याने खोल्या मोजल्या, बंदिस्त केलेली बाल्कनी धरली नाही आणि किंमत ५८ लाख लावली. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जी कमी ती धरून ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, म्हणजे आम्हाला ४६ लाख ४० हजार मिळू शकत होते, आणि ४५ लाख त्यात बसले. मुद्रांक शुल्क त्या हिशेबात धरत नाहीत. पुण्यात ७ टक्क्यांनी ४,३४,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी फी ही रक्कम किमतीतल्या उरलेल्या १७ लाखांखेरीज स्वतःच्या खिशातून उभी करावी लागली. व्यवहार ५० लाखांच्या वरचा असल्याने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरणेही आमच्याकडेच होते. एजंटाने यातले काहीच आधी सांगितले नव्हते.

मंजुरीपत्राच्या वेळचा एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. गृहवित्त कंपनीचेही मंजुरीपत्र तोवर आले होते आणि त्यात कर्जाची रक्कम ४५ लाखांऐवजी ४६ लाख ३० हजार होती. वरचे १ लाख ३० हजार कशाचे, हे पहिल्या पानावर कुठेच नव्हते. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचे विवरण देणे बंधनकारक झाले आहे, त्याला केएफएस म्हणतात. व्याजाखेरीज लागणारे सगळे खर्च आणि ते धरून येणारा वार्षिक दर त्यात लिहावा लागतो. ते विवरण मी मागून घेतले. वरची रक्कम म्हणजे कर्जाला जोडलेल्या विम्याचा एकरकमी हप्ता होता, आणि तोच कर्जात घातल्यामुळे त्यावर वीस वर्षे व्याज भरायचे होते. "हे कंपल्सरी आहे, मॅडम," असे प्रतिनिधीने सांगितले. ते खरे नव्हते. घराचे कर्ज डोक्यावर असताना विमा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो ज्याने त्याने बाहेरून, आपल्या पसंतीच्या कंपनीचा घ्यावा. आम्ही दोघांनी वेगवेगळे मुदत विमे घेतले. विवरणातला वार्षिक दर धरला तर ८.३५ टक्क्यांचे ते स्वस्त कर्ज सरकारी बँकेच्या कर्जापेक्षा महाग पडत होते.

ऑक्टोबरअखेर आम्ही सरकारी बँकेचे मंजुरीपत्र स्वीकारले आणि नोव्हेंबरमध्ये खरेदीखत नोंदवले. धनादेश विक्रेत्याच्या हाती देण्यापूर्वी बँकेकडे जमा केलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी शाखेच्या सहीशिक्क्यानिशी मागून घेतली. डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे की कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत आणि संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पण आपण काय दिले होते हेच सिद्ध करता आले नाही तर नियमाचा उपयोग काय? त्या यादीत अकरा नोंदी आहेत आणि पहिली १९९८ च्या करारनाम्याची आहे.

फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. सप्टेंबरपर्यंत आमचा दर ७.५० टक्के झाला. आम्हाला अर्ज करावा लागला नाही, शुल्कही पडले नाही. हप्ता आम्ही मुद्दाम पूर्वीचाच ठेवला, म्हणजे वाचणारे व्याज मुद्दलात वळते होते. माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने त्याच सुमारास, त्याच एजंटामार्फत, त्याच गृहवित्त कंपनीकडून जवळपास तेवढेच कर्ज ८.३५ टक्क्यांनी घेतले होते. सप्टेंबरमध्ये त्याचा दर ८.१० होता. शून्य दशांश सहा टक्क्यांचा हा फरक ४४ लाखांवर वर्षाला सव्वीस हजारांच्या घरात जातो. कंपनीने त्याला सांगितले की रूपांतर शुल्क भरा, मग दर कमी करून देऊ.

तो आता कर्ज दुसऱ्या बँकेत हलवतो आहे. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, बँकांना ही मनाई २०१२ पासून आहे आणि गृहवित्त कंपन्यांनाही आहे, त्यामुळे जुनी कंपनी त्याला अडवू शकत नाही. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युअर आणि गहाणखताचे मुद्रांक शुल्क हे सगळे नव्याने भरावे लागेल. आम्ही दोघांनी जेवणाच्या सुट्टीत हिशेब केला तेव्हा तो खर्च दोन वर्षांच्या आत भरून निघतो असे दिसले. या वेळी तो एजंटाकडे गेला नाही. रजा काढून स्वतः शाखेत गेला आणि रेपोवर तुमचा स्प्रेड किती, हे त्याने आधी कागदावर लिहून घेतले.